माशाला मीठ किती हवे?

द्रोणागिरी म्हटले की तुम्हांला हनुमंत आणि संजीवनी आठवत असेल. लंकेकडे नेताना त्या पर्वताचा एक तुकडा उरणजवळ पडला आणि तोच आजचा द्रोणागिरी, अशी आख्यायिका ह्या भागात सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवू आणि डोंगर पाहू. पनवेलहून उरणमार्गे करंज्याकडे गेलात की तो दिसतो. त्याच्या एका अंगाला मुंबई बंदराचा समुद्र आहे. दक्षिणेला करंजा-धरमतरची खाडी आणि पलीकडे रेवस. आतल्या बाजूला खारफुटी, खाजणे, उरलीसुरली मिठागरे, भाताची खाचरे, गावतळी आणि त्यांच्या मधोमध नव्या मुंबईचा द्रोणागिरी विभाग. पावसाच्या गोड्या पाण्यापासून मिठागरातल्या दाट मिठवणीपर्यंत सर्व प्रकारचे पाणी ह्या एवढ्याशा टापूत सापडते. मासे पाळण्याच्या शास्त्रातला एक महत्त्वाचा प्रश्न समजून घ्यायला ह्याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

तो प्रश्न असा : पाण्याच्या खारटपणाचा माशाच्या वाढीशी संबंध काय?

आपल्याकडे ह्याचे उत्तर फार घाईने दिले जाते. ‘गोडे पाणी चांगले, खारे पाणी वाईट’ हे शेतकऱ्याच्या तोंडचे वाक्य भातासाठी खरे आहे. पण तेच वाक्य आपण माशालाही लावतो. बांधाला खांड गेली, उधाणाचे पाणी आत शिरले, की ती जमीन कागदोपत्री पडीक होते. पडीक झाली की भराव टाकायला मोकळी होते. माझ्या मते ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय महागात पडणारीही आहे. का, ते सांगतो.

आधी मोजमाप समजून घेऊ. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ह्याला आपण दर हजारी ३५ असे म्हणू. नदीच्या पाण्याचा आकडा शून्याच्या जवळपास असतो. ह्या दोन टोकांमधले ते निमखारे, बोलीभाषेत मचूळ. आता माशाच्या रक्ताचा विचार करा. मासा समुद्रातला असो की नदीतला, त्याच्या रक्ताचा खारटपणा साधारण दर हजारी १० ते १२ इतक्या पाण्याबरोबर तुलना करण्याजोगा, म्हणजे समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. सगळी गंमत ह्या एका आकड्यात आहे.

आई कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते आणि तासाभरात त्यांना पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले आहे. मनुका पाण्यात टाकली तर ती फुगते, हेही पाहिले आहे. ह्या दोन्ही गोष्टींमागे तर्षण आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकात त्याला परासरण म्हटले आहे. पातळ पडद्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. माशाच्या कल्ल्यांचा पडदा तर अतिशय पातळ असतो, कारण त्यातून त्याला प्राणवायू घ्यायचा असतो. म्हणून नदीतला मासा ही सतत फुगू पाहणारी मनुका आहे आणि समुद्रातला मासा ही सतत पाणी सुटणारी कैरी!

ह्यावर दोघांनी अगदी उलटे उपाय योजले आहेत. नदीतला मासा पाणी जवळजवळ पीत नाही. तो पातळ लघवी भरपूर टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांवाटे पाण्यातून वेचून परत घेतो. समुद्रातला मासा मात्र पाण्यात राहूनही तहानलेला असतो. तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ बाहेर टाकतो. होमर स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये दाखवून दिले की, हे जादा मीठ मुख्यतः मूत्रपिंडांतून जात नाही, ते कल्ल्यांतून जाते. पुढे १९३२ मध्ये अँसेल कीज आणि विल्मर ह्यांनी ईल माशाच्या कल्ल्यांत हे काम करणाऱ्या पेशींचे वर्णन केले. (हेच कीज पुढे आहारातील चरबी आणि हृदयविकार ह्यांवरच्या अभ्यासामुळे जगभर गाजले!) मीठ उचलून बाहेर टाकणाऱ्या ह्या पेशी म्हणजे लहान लहान पंपच आहेत, आणि पंप म्हटला की त्याला इंधन लागते.

हे इंधन येते माशाच्या खाण्यातून. खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा आधी श्वासोच्छ्वास, पोहणे, पचन आणि हे पंप ह्यांवर खर्च होते. हा घरखर्च भागून जे शिल्लक राहते, ते मांसाच्या रूपाने अंगावर चढते. तीच वाढ. म्हणजे पाणी रक्तापेक्षा फार गोडे असो की फार खारे, पंपाचा खर्च वाढतो. पाणी रक्ताच्या जवळपास खारट असेल तर तो खर्च कमी. २००१ मध्ये ब्यफ आणि पायाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तोपर्यंतच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. दर हजारी ८ ते २० ह्या मधल्या पट्ट्यात बऱ्याच जातींची वाढ चांगली होते, असे त्यांना आढळले. पंपाचा खर्च एकूण ऊर्जेच्या किती, ह्यावर मात्र एकमत नाही. काही प्रयोगांत तो वीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत दिसला होता. नंतरच्या काही प्रयोगांत दहा टक्क्यांच्या आसपासच भरला. दहा टक्के धरले, तरी ज्याच्या खर्चात खाद्याचा वाटा सर्वांत मोठा असतो त्या मत्स्यशेतकऱ्याला ते थोडे नाहीत. शिवाय खारटपणाबरोबर माशाची भूक, पचन आणि वाढीची संप्रेरकेही बदलतात. तेव्हा सगळा हिशेब एकट्या पंपाच्या नावावर लिहू नये.

एवढे वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘मग सोपे आहे, सगळ्या तळ्यांत दर हजारी दहाचे पाणी भरा!’ थांबा. रोहू, कटला, मृगळ ह्यांच्या अंगी फक्त नदीची यंत्रणा आहे. पाणी त्यांच्या रक्तापेक्षा खारट झाले की सगळी यंत्रणा उलटी फिरवावी लागते. ते त्यांना जमत नाही. दर हजारी दहाच्या आसपास त्यांचे जगणेच कठीण होते आणि वाढ त्याच्या बरीच आधी मंदावते. कोळंबीची गोष्ट आणखी निराळी. तिचे रक्त माशापेक्षा खारट असते. व्हेनामी कोळंबीचे रक्त दर हजारी २५ च्या पाण्याशी जुळते, तर टायगर कोळंबी १५ ते २५ च्या पाण्यात चांगली वाढते. ‘माशाला मीठ किती हवे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्या माशाला?’ असे विचारल्याशिवाय देता येत नाही. आपल्याकडे मात्र पुष्कळदा आधी बीज आणतात आणि पाण्याचा विचार नंतर करतात.

त्यातही द्रोणागिरीच्या परिसरात पाणी बाराही महिने सारखे राहत नाही. थोडे गणित करू. एक मीटर खोलीच्या तळ्यात मे महिन्यात दर हजारी ३० चे पाणी आहे. त्यावर २०० मिलिमीटर पाऊस पडला, पाणी नीट मिसळले आणि बाहेर गेले नाही, तर खारटपणा ३० ला १.२ ने भागून २५ होईल. हे काही फार नाही. पण आपल्याकडे मोसमात दोन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिकही पाऊस पडतो. तळे काठोकाठ भरून जादा पाणी मिसळत मिसळत वाहून गेले, तर मोसमाच्या अखेरीस खारटपणा ४ च्या आसपास उतरतो. (शिक्षकांनी घातांकी ऱ्हासाचे हे उदाहरण अकरावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.) आता उलट बाजू पाहा. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेले आणि बाहेरून भर पडली नाही, तर महिन्याभरात एक मीटरचे ८२ सेंटिमीटर पाणी उरेल आणि ३० चे ३६ च्या वर जाईल, म्हणजे समुद्राहून खारट. आणखी आटवत नेले तर ते मिठागरच होईल! आपल्या पूर्वजांनी हे चक्र पुरते ओळखले होते. एकाच खाडीकाठी त्यांनी उन्हाळ्यात मीठ पिकवले आणि पावसाने माती धुऊन काढल्यावर भात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून आलेल्या पनवेल-१, २, ३ ह्या भाताच्या क्षारसहिष्णू जातीही ह्याच चक्राशी जुळवून घेतात.

ह्या चक्रात रोहू सोडला, तर श्रावणातले गोडे पाणी त्याला मानवते. पण थंडी सरता सरता खाडीचे पाणी झिरपू लागले, बाष्पीभवन वाढले, की त्याचे खाणे कमी होते. शेतकरी मात्र खाद्य टाकतच राहतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सव्वासहा. मग एका पहाटे मासे वर तरंगताना दिसतात आणि दोष ‘रोगा’ला दिला जातो. पावसाळ्याच्या तोंडाशी असाच आणखी एक घोटाळा होतो. पहिल्या मोठ्या पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर साईसारखे पसरते. वरचा प्राणवायू खाली पोचत नाही आणि तळातले मासे गुदमरतात. अशा वेळी पाणी ढवळले पाहिजे, हे माहीत असायला वर-खाली दोन ठिकाणी खारटपणा मोजलेला हवा.

आता आपल्या रायगडच्या जिताड्याकडे वळू. पेण, अलिबाग, उरण भागात जिताड्याची चव सांगायला नको. पुष्कळ गावांत आणि घरांजवळच्या तळ्यांत तो हौसेने वाढवतात. पाण्याच्या बाबतीत हा मासा मोठा पटाईत आहे. गोडे, निमखारे, समुद्राचे, तिन्ही पाण्यांत तो राहतो. रोहूला जी यंत्रणा उलटी फिरवता येत नाही, ती तो फिरवतो. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. खाडीतून आणलेले पिलू एकदम गोड्या तळ्यात टाकू नये. पिलांच्या भांड्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळत जावे. घाई करून काही पिले मरतात, आणि जी जगतात तीही काही दिवस खात नाहीत.

पण जिताडा गोड्या तळ्यात कितीही पुष्ट झाला तरी तेथे त्याला पिले होत नाहीत. प्रजननासाठी त्याला खाडीच्या तोंडाशी, दर हजारी २८-३० किंवा त्याहून खाऱ्या पाण्यात जावे लागते. पिले भरतीबरोबर आत येतात, खाजणात आणि खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि तेथून वर गोड्या पाण्याकडे सरकतात. आणखी एक आश्चर्य म्हणजे हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो! म्हणजे गावच्या तळ्यातला जिताडा हा खरे तर खाडीचा मासा आहे. तो तळ्यात फक्त वाढीसाठी आलेला असतो. कृत्रिम प्रजनन झाले आहे, हे खरे. थायलंडने ते १९७० च्या दशकाच्या आरंभी साधले आणि आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये. पण तेथेही माता-मासे खाऱ्या पाण्यातच ठेवावे लागतात. हे लक्षात घेतले की ‘तळ्यातला खारटपणा’ हा प्रश्न तळ्यापुरता राहत नाही. तळ्याकडे जाणारी संपूर्ण खाडी, तिच्या तोंडापासून टोकापर्यंतचा खारटपणाचा उतार, तो उतार शाबूत असेल तरच हा मासा आहे.

आणि नेमका हाच उतार आपण तोडत आहोत. उघाडीची झडप कशी चालते ते कधी जाऊन पाहा. ओहोटीला ती बाहेर उघडते आणि आतले पाणी जाऊ देते. भरतीला पाण्याच्या दाबानेच ती मिटते. भात वाचवण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे, आणि १९४८ व १९७९ चे खारजमिनींचे कायदे भाताच्या रक्षणासाठीच झाले. परंतु जेथे आता भात लावलाच जात नाही तेथेही झडप एकमार्गीच आहे. पुढे रस्ते आले, भराव आले. भरावाखाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत तर आतले पाणी पावसात गोडे होते, उन्हाळ्यात आटून समुद्राहून खारट होते आणि बोई, काळुंदर, जिताडा ह्यांची पिले बाहेरच राहतात. द्रोणागिरी विभागातल्या पाणजे येथील पाणथळीत भरतीचे पाणी जाऊ द्यावे की नाही, ह्यावरून गेली काही वर्षे वाद चालू आहे, तो तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. बंदरासाठी घातलेला भराव, तोडलेली खारफुटी आणि भरतीच्या पाण्याचा मार्ग ह्यांसंबंधी उरणच्या मच्छिमारांनी केलेल्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. बंदर हवे, घरेही हवीत, ह्याबद्दल माझे भांडण नाही. पण जो रस्ता खाडीचा फाटा ओलांडतो, त्याखाली भरती-ओहोटी दोन्ही वाहू शकेल अशी मोरी ठेवणे हे स्थापत्याचे साधे काम आहे. ते न करणे ही बचत नव्हे.

माणसाने खाडीत हात घातला की खारटपणा नेहमी वाढतोच असेही नाही. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून घाटमाथ्यावरचे पाणी खाली आणून सोडते आणि ते पाताळगंगेवाटे धरमतरच्या खाडीत येते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही त्या बाजूने गोडे पाणी येत राहते. घाटावरचा पाऊस आणि मुंबईची वीज ह्यांचा खाडीतल्या पिलांशी असा संबंध आहे!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘खारे पाणी उपयोगी आहे ना, मग सगळीकडे कोळंबीची तळी खणा,’ असे म्हणणारेही आहेत. पूर्व किनाऱ्यावर तसे झाले. शेजारच्या भातात आणि विहिरींत मीठ झिरपले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. किनारी मत्स्यशेतीवर देखरेखीसाठी २००५ मध्ये कायदाही करावा लागला. मला अधिक पटतो तो केरळमधल्या पोक्काळी शेतांचा आणि गोव्यातल्या खाजनांचा मार्ग. पोक्काळीत पावसाळ्यात भात घेतात आणि पाणी खारे झाले की त्याच शेतात कोळंबी. गोव्यात मानस उघडमीट करून पाणी आत-बाहेर सोडतात आणि तेथे मासेही धरतात. येथे खारटपणाशी झगडा नाही, त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पीक बदलले जाते. उरण-पनवेलच्या ओसाड पडलेल्या खारजमिनींवर ह्याच धर्तीचे प्रयोग गावोगाव व्हायला हवेत.

मीठ म्हणजे केवळ एक आकडा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या केंद्राने जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात मासे व कोळंबी वाढवून दाखवली. तेथील पाणी पुरेसे खारट होते, पण त्यात पोटॅशियम फार कमी होते. पोटॅश मिसळल्यावर काम जमले. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या क्षारपड जमिनींबद्दल विचार करणाऱ्यांनी हे उदाहरण अभ्यासावे.

आता तुमचे काम. खारटपणा मोजायला महागडे यंत्र लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या घनतामापीने सुरुवात होते. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५ च्या आसपास भरते. तापमानाने घनता बदलते, म्हणून तापमान सोबत लिहायचेच. पडताळ्यासाठी १०० ग्रॅम पाणी बशीत घेऊन पूर्ण आटवा आणि उरलेले क्षार तोला. साडेतीन ग्रॅम भरले तर दर हजारी ३५. क्षार थोडी ओल धरून ठेवतात, त्यामुळे आकडा किंचित जास्त येईल. रसायनशास्त्राचे शिक्षक मदतीला असतील तर सिल्व्हर नायट्रेटची पद्धत अधिक अचूक.

उरण, पनवेल, पेण ह्या तालुक्यांतल्या शाळांनी एकेक उघाडी निवडावी. महिन्यातून दोनदा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला, झडपेच्या आत आणि बाहेर, वरचे आणि तळाचे असे चार नमुने घ्यावेत. मोठ्या माणसांना सोबत न्यावे, कारण चिखल फसवा असतो. तारीख, वेळ, तापमान, खारटपणा, आदल्या आठवड्यातला पाऊस आणि जाळ्यात काय आले, एवढे सहा रकाने पुरेत. पहिला नमुना पावसाच्या आधीच्या वैशाखी अमावास्येला घ्या. त्या दिवशी झडपेच्या आतले पाणी बाहेरच्यापेक्षा खारट निघाले, तर त्या तळ्याला भरतीचे पाणी मिळत नाही असे समजा आणि तो आकडा ग्रामपंचायतीला लेखी कळवा.